भयकथेमागचा हिशेब

भयकथा लिहिणारा लेखक विकृत मनाचाच असावा, असा एक समज रूढ आहे. अमेरिकन कथाकार एडगर ॲलन पो याच्याविषयी तर तो अधिकच दृढ आहे. १८०९ साली बोस्टन येथे जन्मलेला पो तीन वर्षांचा होण्यापूर्वीच मातेला मुकला. रिचमंडचे व्यापारी जॉन ॲलन यांनी त्याला वाढविले. परंतु रीतसर दत्तक घेतले नाही, की मृत्युपत्रात काही ठेवले नाही. पो याने लेखणीवरच चरितार्थ चालविण्याचे ठरविले. मात्र परकीय लेखकांच्या हक्कांना संरक्षण देणारा कायदा अमेरिकेत १८९१ पर्यंत नव्हता. इंग्लंडमधील पुस्तके फुकट छापता येत असताना देशी लेखकाला मोबदला कोण देणार? १८४५ मध्ये ‘द रेव्हन’ या कवितेने तो विख्यात झाला. दारिद्र्य मात्र हटले नाही. १८४७ मध्ये पत्नी व्हर्जिनिया क्षयाने वारली. १८४९ मध्ये बाल्टिमोरच्या रुग्णालयात, चाळिसाव्या वर्षी, त्याचाही अंत झाला.

त्याच्या कथांत भुते फारशी नाहीत. आहेत ती ढासळणारी घराणी, जिवंतपणी पुरलेली माणसे आणि अपराधाने पोखरलेली मने. हे भय त्याने अनुभवातूनही वेचले होते. त्याच्या मद्यपानाची चर्चा पुष्कळ झाली. लेखकाच्या व्यसनांचा हिशेब ठेवणाऱ्या समाजाने त्याच्या मानधनाचाही हिशेब एकदा मांडावयास हवा.