गुस्ताफ द लावाल : बारीक दांड्याची मोठी गोष्ट

वॉशिंग मशीनमध्ये कपडे पिळताना ड्रम आधी गदगदा हलतो आणि वेग वाढला की शांत होतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. हेच तत्त्व टर्बाइनमध्ये वापरणाऱ्या संशोधकाची आज ओळख करून घेऊया.

लावाल यांचा जन्म 9 मे 1845 रोजी स्वीडनमधील ओर्सा येथे झाला. 1872 मध्ये त्यांनी उप्साला विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. 1878 मध्ये दुधातून साय वेगळी करणारं यंत्र बनवलं. मग ते वाफेच्या टर्बाइनकडे वळले.

या टर्बाइनचं चाक मिनिटाला 30,000 फेरे घेई. चाक कितीही नेमकं घडवलं तरी भार अगदी मध्यावर येत नाही. त्यामुळे ठराविक वेगाला दांडा वाकून थरथरतो. हा क्रांतिक वेग. त्यापलीकडे दांडा नीट फिरूच शकत नाही, असं रँकिन यांनी 1869 मध्ये मांडलं होतं. लावाल यांनी 1889 मध्ये दांडा मुद्दाम बारीक, लवचीक ठेवला. क्रांतिक वेग खाली आला, चाकाने तो झटकन ओलांडला आणि पुढे ते स्वतःच्या भारमध्याभोवती शांत फिरू लागलं.

2 फेब्रुवारी 1913 रोजी त्यांचं निधन झालं. अनेक कंपन्या काढूनही हाती पैसा उरला नव्हता. आज अभियंते संगणकावर दांड्याचे बारीक भाग पाडून क्रांतिक वेग आधीच काढतात. त्यातलं सर्वांत सोपं प्रारूप आजही 'लावाल रोटर' म्हणूनच शिकवतात.

मुलांना एवढं जरूर सांगा : मोठ्यांचं गणितही प्रयोगाने तपासावं लागतं.