विश्लेषण : शर्यतीच्या इंजिनासाठी सिलिंडर हेड कसे निवडावे? झोरा डंटॉव्ह यांचे आयुष्य काय सांगते?

अमेरिकेतील ‘कॉर्व्हेट’ या स्पोर्ट्स कारचे जनक मानले गेलेले अभियंते झोरा आर्कस-डंटॉव्ह यांनी ऐन उमेदीत जगातील गाजलेले एक सिलिंडर हेड तयार केले. हवा खेचण्यात ते अव्वल होते, पण धंदा म्हणून ते बुडाले. काही वर्षांनी त्याच डंटॉव्ह यांनी अगदी साध्या हेडच्या इंजिनावर विक्रम केला. ड्रॅग रेसिंगसाठी इंजिन बांधणाऱ्यांना आजही पडणाऱ्या प्रश्नाचे उत्तर या दोन घटनांत दडले आहे.

सिलिंडर हेडला इतके महत्त्व का?

ड्रॅग रेसिंग म्हणजे सरळ रेषेतील पाव मैलाची, म्हणजे सुमारे ४०२ मीटरची शर्यत. काही गटांत टर्बो किंवा सुपरचार्जर लावून इंजिनात हवा कोंबली जाते. काही गटांत मात्र त्याला परवानगी नसते. अशा ‘नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड’ इंजिनाला बाहेरच्या हवेच्या दाबावरच भागवावे लागते. जितकी हवा आत येईल, तितकेच इंधन जाळता येते आणि तितकीच ताकद मिळते.

ही हवा आत येते आणि धूर बाहेर जातो तो सिलिंडर हेडमधून. व्हॉल्व्ह, हवेच्या वाटा, स्पार्क प्लग आणि ज्वलनकक्षाचे छत, हे सारे त्यात असते. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तर प्रत्येक इनटेक व्हॉल्व्ह सेकंदाला ५० वेळा उघडतो. पिस्टन वरून खाली यायला फक्त ५ मिलिसेकंद लागतात. एवढ्या वेळात सिलिंडर भरायचा असतो. हेड चुकले तर बाकी खर्च वाया जातो, तो यामुळे.

डंटॉव्ह कोण होते?

झोरा यांचा जन्म २५ डिसेंबर १९०९ रोजी ब्रसेल्समध्ये एका रशियन ज्यू कुटुंबात झाला. बालपण रशियात, क्रांतीच्या धामधुमीत गेले. आईवडील विभक्त झाल्यावर आईने जोसेफ डंटॉव्ह यांच्याशी संसार मांडला. झोरा आणि धाकटा भाऊ युरा यांनी पुढे दोन्ही वडिलांची आडनावे जोडून घेतली. १९२७ मध्ये कुटुंब बर्लिनला गेले. तिथल्या शार्लोटेनबुर्ग तंत्रविद्यालयातून झोरा १९३४ मध्ये अभियंता झाले. मोटारसायकली आणि शर्यतीच्या मोटारी यांचे वेड तेव्हापासूनचे.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते फ्रान्समध्ये होते. पॅरिसमधील नर्तिका एल्फी वोल्फ यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि दोघे भाऊ फ्रेंच हवाई दलात दाखल झाले. १९४० मध्ये फ्रान्स पडला. जर्मन फौजा येण्याआधी एल्फी आपल्या छोट्या एमजी मोटारीने पॅरिस सोडून बोर्दोकडे निघाल्या. व्हिसा मिळवून कुटुंब पुन्हा एकत्र आले आणि पोर्तुगालहून जहाजाने न्यूयॉर्कला पोहोचले. तिथे दोन्ही भावांनी कंपनी काढली. आर्कसमधला ‘आर’ आणि डंटॉव्हमधला ‘डन’ घेऊन नाव ठेवले ‘आर्डन’. युद्धकाळात ती लष्करासाठी दारूगोळ्याशी संबंधित सुटे भाग बनवत होती. युद्ध संपले आणि नवे काम शोधणे भाग पडले.

फोर्डच्या इंजिनात अडचण काय होती?

तेव्हा अमेरिकेत स्वस्त ताकदीसाठी एकच नाव होते, फोर्डचे ‘फ्लॅटहेड’ व्ही-८ इंजिन. १९३२ पासून ते लाखोंनी बनले. जुन्या फोर्ड गाड्या घेऊन त्या सुधारणाऱ्या ‘हॉट रॉड’वाल्या तरुणांचे ते लाडके होते.

पण या इंजिनाचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नव्हे, तर खाली ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या बाजूला होते. हेड म्हणजे वरचे सपाट झाकणच. हवेला वर चढून, वळून सिलिंडरमध्ये उतरावे लागे. त्याहून वाईट म्हणजे जळालेला तप्त वायू ब्लॉकच्या पोटातून, गार पाण्याच्या वाटांना खेटून बाहेर पडे. प्रत्येक बाजूला सिलिंडर चार, पण धूर बाहेर पडायच्या वाटा तीनच. मधल्या दोन सिलिंडरांची वाट सामाईक. सतत ओझे वाहणाऱ्या ट्रकमध्ये हे इंजिन तापत असे.

‘आर्डन’ हेडने काय बदलले?

१९४७ च्या सुमारास डंटॉव्ह बंधूंनी यावर उपाय आणला. फोर्डचा ब्लॉक आणि कॅमशाफ्ट तसाच ठेवायचा, सपाट झाकण काढायचे आणि वर अ‍ॅल्युमिनियमचे नवे हेड बसवायचे. त्यात ज्वलनकक्ष अर्धगोलाकार होता. इंजिनविश्वात त्याला ‘हेमी’ म्हणतात. छताच्या दोन्ही उतारांवर तिरपे बसवल्यामुळे व्हॉल्व्ह मोठे घेता आले. हवा एका बाजूने आत, धूर दुसऱ्या बाजूने बाहेर. तप्त वायूची वाट ब्लॉकबाहेर गेल्याने तापण्याचे मूळ कारणही दूर झाले. सुमारे १०० अश्वशक्तीचे इंजिन दीडपटीहून अधिक ताकद देऊ लागले. क्रायस्लरचे पहिले हेमी व्ही-८ बाजारात यायला अजून काही वर्षे होती.

मग ते चालले का नाही?

हवेचे गणित सुटले, पण इंजिनाचे सुटले नाही. नवी हेड बसवल्यावर इंजिन रुंद आणि अवजड होई. तिरप्या व्हॉल्व्हपर्यंत खालच्या कॅमशाफ्टची हालचाल पोहोचवायला लांब दांडे आणि जड रॉकर लागत. फेरे वाढले की ही वजने स्प्रिंगला आवरेनात. म्हणजे जिथे मोठ्या व्हॉल्व्हचा खरा फायदा मिळायचा, तिथेच यंत्रणा कमजोर पडे. खाली ब्लॉक मात्र जुनाच, कमी ताकदीसाठी आखलेला. किंमतही जास्त होती.

ट्रकसाठी अपेक्षित मागणी आलीच नाही. फार तर काही शे जोड बनले आणि कंपनी बंद पडली. कॅलिफोर्नियात डॉन क्लार्क आणि क्लेम टेबो यांच्यासारख्या कारागिरांनी या हेडच्या व्हॉल्व्ह यंत्रणेवर मेहनत घेतली, तेव्हा कुठे ती बॉनव्हिलच्या मीठपठारावर आणि शर्यतींत चमकली. तोवर डंटॉव्ह इंग्लंडमध्ये सिडनी अ‍ॅलार्ड यांच्या मोटार कंपनीत नोकरी करू लागले होते. १९५२ आणि १९५३ मध्ये त्यांनी अ‍ॅलार्डकडून ल मान्सची २४ तासांची शर्यतही केली.

१९५३ चे टिपण कशासाठी गाजले?

जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात जनरल मोटर्सने पहिली कॉर्व्हेट दाखवली. गाडीचे रूप डंटॉव्ह यांना आवडले, आतले सहा सिलिंडरचे इंजिन नाही. त्यांनी शेव्हरोलेचे मुख्य अभियंता एड कोल यांना पत्र लिहिले आणि १ मे १९५३ रोजी ते तिथे रुजू झाले.

त्याच वर्षी १६ डिसेंबरला त्यांनी वरिष्ठांना एक टिपण दिले. मुद्दा सरळ होता. गाड्या सुधारणारे तरुण फोर्डवर वाढले आहेत, त्यांची मासिके फोर्डने भरलेली आहेत. शेव्हरोलेचे नवे व्ही-८ कितीही चांगले असले तरी ते आपणहून वळणार नाहीत. त्यांना कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह, स्प्रिंग, मॅनिफोल्ड, पिस्टन असे एकमेकांना जुळणारे, तपासलेले भाग कंपनीनेच द्यायला हवेत. एकटे उत्तम हेड विकून काय होते, हे पदरचे पैसे घालवून शिकलेला माणूस हे लिहीत होता.

साध्या हेडने बाजी कशी मारली?

१९५५ मध्ये शेव्हरोलेचे ‘स्मॉल ब्लॉक’ इंजिन आले. २६५ घनइंच, म्हणजे सुमारे ४.३ लिटर. त्याचे हेड हेमी नव्हते. ज्वलनकक्ष पाचरीच्या आकाराचा, व्हॉल्व्ह एका ओळीत. हवा खेचण्यात ते आर्डनच्या जातीचे नव्हते. पण रॉकर पत्र्यातून ठोकून काढलेले, हलके, प्रत्येक वेगळ्या खुंटीवर. पिस्टनची धाव आखूड, ७६.२ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना एकच हेड चाले. इंजिन हलके होते आणि फेरे आनंदाने घेई.

डंटॉव्ह यांना कॉर्व्हेट ताशी १५० मैलांवर न्यायची होती. हिशेबाने सुमारे ३० अश्वशक्ती कमी पडत होती. या वेळी त्यांनी कॅमशाफ्टला हात घातला. व्हॉल्व्ह फार उंच उचलण्याऐवजी तो जास्त वेळ उघडा ठेवणारा कॅम त्यांनी आखला. उचल बेताची असल्याने स्प्रिंगवर ताण कमी, आणि उघडा राहण्याचा वेळ वाढल्याने वरच्या फेऱ्यांवर सिलिंडर जास्त भरे. जानेवारी १९५६ मध्ये फ्लोरिडातील डेटोनाच्या वाळूवर त्यांनी स्वतः गाडी हाकली आणि दोन्ही दिशांची सरासरी गाठली ताशी १५०.५८३ मैल, म्हणजे सुमारे २४२ किलोमीटर. तो कॅम ‘डंटॉव्ह कॅम’ म्हणून दुकानांत विकला जाऊ लागला. १९५७ मध्ये २८३ घनइंचाचे इंजिन फ्युएल इंजेक्शनसह २८३ अश्वशक्तीवर गेले. घनइंचामागे एक अश्वशक्ती, तीही कुठल्याही सुपरचार्जरशिवाय.

ड्रॅग स्ट्रिपवरील तरुणांनी हळूहळू फोर्डचे फ्लॅटहेड सोडले. आर्डन हेडला जे जमले नाही, ते टिपणातल्या विचाराने साधले.

मग हेड निवडताना काय पाहावे?

पहिली गोष्ट, इंजिन कोणत्या फेऱ्यांत धावणार आहे. ड्रॅग शर्यतीत गिअर बदलताना इंजिन एका ठरावीक पट्ट्यातच राहते, समजा ६,००० ते ८,०००. हवेची वाट त्या पट्ट्याला साजेशी हवी. वाट फार मोठी असेल तर हवेचा वेग मंदावतो आणि गाडी सुटताना अडखळते. लहान इंजिनावर मोठ्या इंजिनाचे हेड लावणे ही नेहमीची चूक.

दुसरी, फ्लो बेंचवरचा सर्वात मोठा आकडा फसवा असतो. कॅम व्हॉल्व्ह १२ मिलिमीटर उचलत असेल तर १५ मिलिमीटरवरचा आकडा निरुपयोगी. शिवाय मधल्या उंचीवरून व्हॉल्व्ह उघडताना आणि मिटताना असा दोनदा जातो, शिखरावर एकदाच पोहोचतो. म्हणून मधले आकडे अधिक बोलके.

तिसरी, ज्वलनकक्षाचे आकारमान. २६५ घनइंच इंजिनाच्या एका सिलिंडरची क्षमता सुमारे ५४३ घन सेंटिमीटर. ८ पट कॉम्प्रेशनसाठी वर सुमारे ७८ घन सेंटिमीटर जागा लागते, ११ पटीसाठी जेमतेम ५४. पाचरीच्या कक्षात हे सहज साधते. हेमीत पिस्टनला उंच घुमट द्यावा लागतो आणि तो ज्योतीच्या आड येतो.

चौथी, व्हॉल्व्ह यंत्रणेचे वजन. हेडची क्षमता ८,००० फेऱ्यांची आणि स्प्रिंग ६,५०० वर हार मानत असेल, तर खरेदी झाली ६,५०० चीच.

म्हणजे हेमी वाईट का? नाही. सुपरचार्जर लावलेल्या ‘टॉप फ्युएल’ गाड्यांत आजही अर्धगोलाकार कक्षच राज्य करतो. तिथे बाकीचे इंजिन त्याच्या जोडीने बांधलेले असते.

पुढे डंटॉव्ह यांचे काय झाले?

ते कॉर्व्हेटचे मुख्य अभियंता झाले. मार्ग सोपा नव्हता. १९५७ मध्ये मोटार उत्पादकांच्या संघटनेने शर्यतींतून अंग काढून घेतले. त्यांच्या ‘ग्रँड स्पोर्ट’ या शर्यती गाडीच्या १२५ प्रती बनायच्या होत्या, कंपनीने पाचांवर काम थांबवले. इंजिन चालकाच्या मागे बसवलेली कॉर्व्हेट हे त्यांचे जुने स्वप्न. व्यवस्थापनाने ते पुन्हा पुन्हा नाकारले. १९७५ मध्ये ते निवृत्त झाले आणि २१ एप्रिल १९९६ रोजी ८६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. केंटकी राज्यातील बोलिंग ग्रीन येथील कॉर्व्हेट संग्रहालयात त्यांच्या अस्थी ठेवल्या आहेत. मधोमध इंजिन असलेली कॉर्व्हेट विक्रीला आली ती २०२० च्या मॉडेलमध्ये.

आर्डन हेडचे मूळ जोड आता संग्राहक जपून ठेवतात. स्मॉल ब्लॉकसाठीची हेड मात्र आजही अनेक कंपन्या नव्याने ओततात, वेगवेगळ्या मापांच्या वाटा आणि कक्ष देऊन. त्यातले मोठे कोणते हे कॅटलॉगमध्ये लगेच कळते. आपल्या कॅमला, फेऱ्यांना आणि खिशाला जुळणारे कोणते, हे मात्र बांधणाऱ्यालाच मोजून ठरवावे लागते.