मोहम्मद अब्देलअझीझ : दुभंगलेल्या घराचा सेनानी

पश्चिम सहाराच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पोलिसारिओ आघाडीचे जवळपास 40 वर्षे नेतृत्व करणारे मोहम्मद अब्देलअझीझ यांचे 31 मे 2016 रोजी प्रदीर्घ आजाराने निधन झाले. ज्या मोरोक्कोविरुद्ध त्यांनी शस्त्र उचलले, त्याच मोरोक्कोच्या सैन्यात त्यांच्या वडिलांनी सेवा केली होती. सहारातील संघर्षाने एका समाजाची कशी फाळणी केली, हे समजून घ्यायचे असेल तर या एका घराकडे पाहणे पुरेसे आहे.

अब्देलअझीझ यांच्या जन्मस्थानावरही एकमत नाही. पोलिसारिओच्या मते त्यांचा जन्म पश्चिम सहारातील स्मारा येथे झाला, तर मोरोक्कोच्या बाजूने माराकेश या शहराचे नाव सांगितले जाते. रगीबात या मोठ्या भटक्या जमातीत 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धात ते जन्मले. या जमातीच्या चराऊ वाटा स्पॅनिश सहारा, मोरोक्को, अल्जेरिया आणि मॉरिटानिया अशा चारही प्रदेशांतून जात. वसाहतकारांनी आखलेल्या सीमांना उंटांच्या कळपांमागे फिरणाऱ्या या लोकांच्या लेखी फारसे महत्त्व नव्हते.

त्यांच्या वडिलांची पिढी मोरोक्कोच्या मुक्तिसेनेत उतरली होती. स्पेन आणि फ्रान्स यांच्या विरोधातील तो लढा होता. 1958 मध्ये या दोन्ही सत्तांनी संयुक्त मोहीम काढून सहारातील मुक्तिसेनेचा बीमोड केला आणि अनेक सहरावी कुटुंबे दक्षिण मोरोक्कोत स्थिरावली. मुक्तिसेनेनंतर अब्देलअझीझ यांचे वडील मोरोक्कोच्या शाही सैन्यात दाखल झाले. वसाहतवाद्यांना हुसकावणे आणि मोरोक्कोशी निष्ठा राखणे, या दोन गोष्टींत त्या पिढीतील अनेकांना विसंगती वाटत नव्हती.

मुलाच्या पिढीला मात्र ती वाटू लागली. रबात येथील विद्यापीठात शिकणाऱ्या सहरावी तरुणांत स्वतंत्र राष्ट्राची कल्पना रुजत होती. एल-ऊआली मुस्तफा सय्यद हा तरुण त्यांच्यात अग्रणी होता. 10 मे 1973 रोजी पोलिसारिओ आघाडीची स्थापना झाली, तेव्हा तिच्या संस्थापकांत अब्देलअझीझही होते. काही दिवसांतच स्पॅनिश ठाण्यावर पहिला हल्ला झाला आणि विद्यार्थ्यांचे सैनिक बनले.

पुढील घटना वेगाने घडल्या. मोरोक्को किंवा मॉरिटानियाचे या प्रदेशावर सार्वभौमत्व सिद्ध होत नाही, असे मत आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ऑक्टोबर 1975 मध्ये दिले. पुढच्याच महिन्यात राजे हसन दुसरे यांच्या आवाहनावरून सुमारे साडेतीन लाख मोरोक्कन नागरिकांनी सहाराच्या सीमेकडे कूच केली. त्यानंतर स्पेनने या प्रदेशाचा कारभार मोरोक्को आणि मॉरिटानिया यांच्या हाती सोपवण्याचा करार केला. 27 फेब्रुवारी 1976 रोजी पोलिसारिओने सहरावी अरब लोकशाही प्रजासत्ताकाची घोषणा केली. जूनमध्ये मॉरिटानियाच्या राजधानीवरील स्वारीनंतर एल-ऊआली मारले गेले आणि ऑगस्टमध्ये आघाडीची धुरा अब्देलअझीझ यांच्याकडे आली.

मोकळ्या वाळवंटात वेगवान गाड्यांतून अचानक छापा घालायचा आणि दिसेनासे व्हायचे, ही पोलिसारिओची युद्धनीती होती. या गनिमी युद्धाने जर्जर झालेल्या मॉरिटानियाने 1979 मध्ये माघार घेतली. मोरोक्कोने 1980 च्या दशकात वाळू आणि दगडांचा सुमारे 2,700 किलोमीटर लांबीचा, सुरुंगांनी वेढलेला तट उभारला. त्या तटाने प्रदेशाबरोबर कुटुंबेही दुभंगली. अल्जेरियातील तिंदुफजवळच्या निर्वासित छावण्यांना स्मारा, दाखला, लायून अशी मागे राहिलेल्या गावांचीच नावे देण्यात आली.

अब्देलअझीझ छावण्यांतून राज्यकारभार पाहत असताना त्यांचे वडील आणि काही भावंडे मोरोक्कोतच होती. मोरोक्कोच्या राजांनी 2006 मध्ये सहाराविषयक शाही सल्लागार परिषद पुनरुज्जीवित केली, तेव्हा वडील तिचे सदस्य झाले. ही परिषद मोरोक्कोच्या अंतर्गत स्वायत्ततेचा पुरस्कार करणारी होती. याच घरातील एका भावाने मोरोक्कोच्या गुप्त कोठडीत अनेक वर्षे काढली आणि पुढे वकील होऊन सहरावी कार्यकर्त्यांची न्यायालयात बाजू मांडली. एकाच घरात राजनिष्ठ पिता, बंडखोर पुत्र आणि तुरुंग भोगलेला विधिज्ञ अशी तीन आयुष्ये उभी राहिली.

सप्टेंबर 1991 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने युद्धविराम झाला. सार्वमत घ्यायचे ठरले, परंतु मतदार कोण, यावर घोडे अडले. 1974 च्या स्पॅनिश जनगणनेत सुमारे 74 हजार रहिवाशांची नोंद होती. पोलिसारिओला तोच आधार हवा होता, तर मोरोक्कोत स्थायिक झालेल्या सहरावी वंशाच्या लोकांनाही मताधिकार मिळावा, असा मोरोक्कोचा आग्रह होता. जमातीच्या ज्येष्ठांना साक्षीला बसवून वर्षानुवर्षे वंशावळी तपासण्यात आल्या. अखेरीस सुमारे 86 हजार जण पात्र ठरले आणि लाखाहून अधिक अपिले दाखल झाली. सार्वमत झालेच नाही. रक्ताचे नाते सिद्ध करण्यातच प्रक्रिया थकली. वास्तविक रक्तावरून मत ओळखता येत नाही, हे अब्देलअझीझ यांच्या घराने केव्हाच दाखवून दिले होते.

त्यांच्या नेतृत्वावर टीकाही झाली. छावण्यांतील सत्ता एकाच आघाडीकडे एकवटली होती. 1988 मध्ये तेथे असंतोष उफाळला आणि पुढे काही वरिष्ठ सहकारी मोरोक्कोला जाऊन मिळाले. मोरोक्कन युद्धकैद्यांना युद्धविरामानंतरही दीर्घकाळ डांबून ठेवले गेले. शेवटचे 404 कैदी ऑगस्ट 2005 मध्ये सुटले. दुसरीकडे, तरुणांचा दबाव वाढत असतानाही त्यांच्या हयातीत युद्धविराम टिकून राहिला. तो नोव्हेंबर 2020 मध्ये संपुष्टात आला.

भारताची भूमिकाही काळानुसार बदलली. राजीव गांधी पंतप्रधान असताना ऑक्टोबर 1985 मध्ये भारताने सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली आणि जून 2000 मध्ये ती मागे घेतली. भारतीय शेतीच्या खतांसाठी लागणाऱ्या फॉस्फेटचा मोरोक्को हा महत्त्वाचा पुरवठादार आहे.

अब्देलअझीझ यांचे पार्थिव तटाच्या पूर्वेकडील, पोलिसारिओच्या ताब्यातील बीर लेहलू येथे दफन करण्यात आले. प्रजासत्ताकाची घोषणा झाली ते हेच ठिकाण. त्यांच्या कुटुंबाची दुसरी शाखा ज्या देशात राहिली, तो तटाच्या पलीकडे आहे.