दारावरचे ब्रदर: संत अल्फोन्स रॉड्रिग्ज

नम्र माणूस म्हटला की मान खाली घालून हळू आवाजात बोलणारी व्यक्ती आपल्या डोळ्यांपुढे येते. संत अल्फोन्स रॉड्रिग्ज यांचे चरित्र वाचले की नम्रतेचा याहून खोल अर्थ आपल्याला कळतो. रॉड्रिग्ज आडनावाची घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. या नावाच्या थोर संताची आज आपण ओळख करून घेऊ या.

अल्फोन्स यांचा जन्म सोळाव्या शतकात स्पेनमधील सेगोव्हिया शहरात झाला. वडील लोकरीचे व्यापारी होते. येशूसंघाचे फादर पीटर फेबर त्या शहरात आले असताना त्यांनी या मुलाची प्रथम कम्युनियनसाठी तयारी करून घेतली. पुढे वडील वारले, शिक्षण अर्धवट राहिले आणि धंदा अल्फोन्स यांच्या अंगावर पडला. लग्न झाले, मुले झाली. पण धंदा खालावत गेला आणि काही वर्षांतच पत्नी व मुले एकामागून एक देवाघरी गेली. ऐन पस्तिशीच्या सुमारास हा गृहस्थ एकटा उरला.

येशूसंघात जाण्याची ओढ त्यांना लागली. परंतु वय वाढलेले, प्रकृती नाजूक, शिक्षण अपुरे. त्यांना नकार मिळाला. तेव्हा व्हॅलेन्सिया शहरात लॅटिन शिकण्यासाठी ते मुलांच्या वर्गात जाऊन बसले. ज्याने घर आणि धंदा सांभाळला, त्याने पोरांबरोबर धडे गिरवायचे, हे सोपे नव्हते. अखेर १५७१ साली त्यांना प्रवेश मिळाला, पण ब्रदर म्हणून. त्याच वर्षी त्यांना मायोर्का बेटावरील पाल्मा येथील कॉलेजात पाठवण्यात आले. तेथे त्यांच्याकडे दारावरचे काम आले.

घंटा वाजली की दार उघडायचे, निरोप आत पोचवायचा, फादरांना किंवा विद्यार्थ्यांना बोलावून आणायचे, गरिबांना मदत द्यायची. १६१७ साली मरण येईपर्यंत, म्हणजे ४६ वर्षे, ते याच कॉलेजात राहिले. त्यातील बहुतेक वर्षे दारावर गेली.

दारापलीकडे प्रभू येशूच उभा आहे असे मानून ते प्रत्येक घंटेला उठत. त्यामुळे आलेला मोठा की लहान, हा प्रश्नच उरत नसे. हे त्यांना सहज साधले असे मात्र समजू नये. मनाची कोरड, मोह आणि आजारपण यांच्याशी त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले.

१६०५ साली पीटर क्लेव्हर नावाचा तरुण त्या कॉलेजात शिकायला आला. आपण पुढे काय करावे हे त्याला उमगत नव्हते. कॉलेजात विद्वानांची वाण नव्हती, पण सल्ल्यासाठी तो दारावरच्या म्हाताऱ्या ब्रदरकडे जाऊ लागला. अल्फोन्स यांनी त्याला अमेरिकेतील मिशनकार्याची प्रेरणा दिली. १६१० साली क्लेव्हर समुद्रापार गेले. आजच्या कोलंबियातील कार्ताहेना बंदरात, जहाजांतून आणलेल्या आफ्रिकी गुलामांची त्यांनी आयुष्यभर सेवा केली. अल्फोन्स दारावरच राहिले. दुसऱ्याला मोठ्या कामावर आनंदाने धाडून आपण मागे राहणे, ही नम्रतेची खरी कसोटी. १८८८ साली पोप लिओ तेरावे यांनी एकाच दिवशी दोघांनाही संतपद बहाल केले.

आपल्या दारावरही दिवसभर बेल वाजते. पोस्टमन येतो, सिलिंडरवाला येतो, कचरा नेणारी बाई येते, कधी उसने मागायला शेजारी येतो. दारात कोण आहे यावरून आपला सूर बदलतो का, हे ज्याने त्याने पाहावे. चर्चमध्येही कोणी वाचन करतो, कोणी गायनमंडळात उभा राहतो आणि कोणी मिस्सा संपल्यावर बाके सरळ करून पंखे बंद करतो. सणाच्या दिवशी आभार मानताना आपले नाव राहून गेले, तरी पुढच्या वर्षी त्याच उत्साहाने कामाला येणे आपल्याला जमेल का?

३१ ऑक्टोबर हा संत अल्फोन्स यांच्या मृत्यूचा दिवस. त्यांच्या मध्यस्थीने आपण प्रभूकडे एवढेच मागू या, की उद्या सकाळी पहिली बेल वाजेल तेव्हा प्रसन्न मनाने उठून दार उघडण्याची कृपा आपल्याला लाभावी.