अधू डोळ्यांची बाग

लंडनच्या टेट कलासंग्रहालयाकडे एक छोटेसे चित्र आहे. विषय अगदी साधा. बुटांची एक जुनी जोडी, वापरून वापरून सुरकुतलेली. १९२० साली विल्यम निकोल्सन हा चित्रकार ७६ वर्षांच्या एका बाईंचे व्यक्तिचित्र काढायला त्यांच्या घरी गेला. बाईंना दिवसाउजेडी खुर्चीत बसून राहायला फुरसत नव्हती, बागेत कामे खोळंबली होती. दिवसा रिकामे बसून करायचे काय, म्हणून निकोल्सनने त्यांचे बागेतले बूट रंगवले. पुढे व्यक्तिचित्रही पुरे झाले आणि नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत मानाने लागले. पण बाई कोण होत्या हे त्या बुटांवरूनच जास्त कळते.

त्यांचे नाव गर्ट्रूड जेकिल. आडनाव ओळखीचे वाटेल. त्यांचा धाकटा भाऊ वॉल्टर हा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा मित्र. ‘डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड’ या गाजलेल्या कथेतल्या डॉक्टरांना आडनाव मिळाले ते याच घरातून, असे मानतात. बाईंचा जन्म लंडनमध्ये २९ नोव्हेंबर १८४३ रोजी झाला. चार-पाच वर्षांच्या असताना कुटुंब सरे परगण्यातल्या ब्रॅम्ली गावी राहायला गेले. रानवाटा, ओढे, शेतकऱ्यांची घरे आणि त्यांच्या दारातली फुलझाडे यांत त्यांचे बालपण गेले.

त्यांना चित्रकार व्हायचे होते. त्या काळी सुखवस्तू घरातल्या मुलीने थोडेफार चित्र काढावे, थोडेफार पियानो वाजवावा आणि लग्न करून मोकळे व्हावे, अशी रीत. गर्ट्रूड १८६१ साली साउथ केन्सिंग्टनच्या कलाशाळेत दाखल झाल्या. टर्नरच्या चित्रांच्या नकला करताना एका रंगाशेजारी दुसरा रंग कसा उजळतो, कसा विझतो, हे त्या शिकल्या. दोन वर्षांनी ग्रीसची बेटे आणि तुर्कस्तान पाहून आल्या. भरतकाम, चांदीकाम, लाकडावरचे कोरीवकाम अशा एकेका कलेत त्यांनी हात बसवला. लग्न केले नाही.

आणि मग डोळ्यांनी दगा दिला. लघुदृष्टी लहानपणापासूनची, पण वयाबरोबर ती वाढत गेली आणि डोळे दुखू लागले. १८९१ साली त्या जर्मनीतल्या व्हिसबाडेन गावी एका नामांकित नेत्रतज्ज्ञाकडे गेल्या. आहे ती दृष्टी टिकवायची असेल तर चित्रकला आणि भरतकाम सोडा, असा सल्ला मिळाला. वय ४७. ज्या कामासाठी आयुष्य वेचले, तेच नेमके बंद. अशा वेळी माणूस एक तर कुढत बसतो, नाही तर हाताशी काय उरले आहे ते पाहतो.

हाताशी बाग होती. वडिलांच्या निधनानंतर मायलेकी गोडाल्मिंगजवळच्या मन्स्टेडला येऊन राहिल्या होत्या. आईच्या घराभोवतीची बाग गर्ट्रूडनेच उभी केली होती. रस्त्यापलीकडची १५ एकर जागाही त्यांनी १८८०च्या दशकात विकत घेतली होती. आजवर जी हौस होती, तिच्यात आता त्यांनी सगळा जीव ओतला. कुंचला ठेवला आणि खुरपे घेतले.

मला वाटते, अधू डोळ्यांनी त्यांचे नुकसान केले तसे एक दानही दिले. लघुदृष्टीच्या माणसाला चार पावलांवरची पाकळी दिसत नाही. आकार विरघळतो, रंग तेवढा उरतो. इतर लोक एकेक फूल पाहत होते, तेव्हा जेकिलबाई रंगांचे ढग पाहत होत्या. मन्स्टेड वुडमधला त्यांचा मोठा ताटवा हा असाच आखलेला होता. लांबी सुमारे २०० फूट, रुंदी १४ फूट, पाठीशी दगडी भिंत. एका टोकाला राखाडी पानांच्या संगतीत निळी, पांढरी, फिकट पिवळी फुले. पुढे पिवळा गडद होत जाई, मग केशरी, आणि मध्यावर लाल रंग पेटे. तिथे कर्दळी, डेलिया, शेंदरी साल्व्हिया आणि पेनस्टेमॉन. तिथून रंग पुन्हा पायरीपायरीने उतरत दुसऱ्या टोकाला जांभळ्यात आणि राखाडीत विसावत. लाल-केशरी पाहून डोळा भरला की त्याला निळ्या-करड्याची तहान लागते, ही चित्रकाराची जाण त्यांनी जमिनीवर उतरवली होती.

साल्व्हिया आपल्याला परका नाही. हिवाळ्यात शाळांच्या आणि सरकारी बंगल्यांच्या आवारात लाल तुऱ्यांच्या रांगा दिसतात, तोच हा. मूळचा ब्राझीलचा, आणि कुळाने आपल्या तुळशीचा भाऊबंद. पेनस्टेमॉन मात्र आपल्याकडे क्वचितच दिसतो. लांबट घंटांसारखी त्याची फुले दांडीवर ओळीने लटकतात. मूळ अमेरिका आणि मेक्सिकोचे, आणि आजचे वनस्पतिशास्त्र त्याला चक्क आपल्या इसबगोलाच्या कुळात बसवते. इंग्लंडच्या थंडीत ही दोन्ही झाडे नाजूक. साल्व्हिया दहिवराने मरतो, म्हणून दरवर्षी काचेखाली नवी रोपे करून थंडी सरल्यावरच बाहेर लावायची. पेनस्टेमॉनला पाणी साचलेली माती सोसत नाही. तो हिवाळ्यात दगावेल या धास्तीने उन्हाळा संपता संपता त्याची छाटकलमे करून ठेवायची. जुलै-ऑगस्टमधल्या त्या लाल ज्वाळेमागे असा वर्षभराचा हिशेब असे.

आणि फुलांचा हंगाम संपला की पडणारी भगदाडे? त्यावरही त्यांची युक्ती होती. खसखशीच्या जातीची मोठी पॉपी फुलून सुकली की शेजारची जिप्सोफिला तिच्यावर पसरे. जिप्सोफिला तपकिरी पडली की तिच्यावर नॅस्टर्शियमचे वेल चढत. निळ्या डेल्फिनियमचे दांडे रिकामे झाले की त्यांच्यावर पांढरा वाटाणावेल आणि त्यामागून क्लेमॅटिस ओढून आणत. तरीही जागा उरलीच, तर कुंडीत वाढवलेले फुलझाड आणून बसवत. गृहिणी एका भाजीतून दुसरी भाजी निभावते, तसा हा संसार होता.

१८८९ साली त्यांची एडविन ल्युटेन्स या २० वर्षांच्या होतकरू वास्तुरचनाकाराशी ओळख झाली. पोरसवदा मुलगा आणि पंचेचाळिशीच्या बाई घोडागाडीतून सरेची खेडी पालथी घालत, जुनी घरे पाहत हिंडत. १८९६-९७ साली त्याने बाईंसाठी मन्स्टेड वुडचे घर बांधले. पुढे शंभराहून अधिक ठिकाणी दोघांनी मिळून काम केले. दगडी पायऱ्या, भिंती आणि पाण्याचे पाट त्याचे, झाडांची लागवड त्यांची. हाच ल्युटेन्स पुढे नवी दिल्ली उभारायला आला. राष्ट्रपती भवनामागची मुघल गार्डन, जिचे नाव २०२३ साली अमृत उद्यान झाले, ती त्याचीच. आखीव दगडी रेषांत फुलांची भरघोस लागवड करावी, हा धडा त्याने सरेमध्ये गिरवला होता.

पहिल्या महायुद्धानंतर ल्युटेन्सकडे फ्रान्समधल्या सैनिकी दफनभूमींचे काम आले. तेव्हा त्यांतल्या काहींची लागवड बाईंनी घरबसल्या आखून दिली. घरापासून दूर पुरलेल्या मुलांभोवती घरच्या बागेतली ओळखीची फुले असावीत, यासाठी त्यांनी खपावे यात नवल नाही. म्हातारपणी त्या प्रवास टाळत आणि नकाशे मागवून टपालानेच बागा आखत. आयुष्यात त्यांनी सुमारे ४०० बागा आखल्या, हजाराहून अधिक लेख लिहिले, मुलांनी बाग कशी करावी यावरही १९०८ साली एक पुस्तक लिहिले. ८ डिसेंबर १९३२ रोजी त्या गेल्या.

बाग ही फार नाशवंत कलाकृती. चित्र भिंतीवर शंभर वर्षे टिकते, ताटवा दोन पावसाळे दुर्लक्षिला की गवत होतो. मन्स्टेडचा ताटवाही मोडला. पण कागदावर पेन्सिलीने काढलेले त्यांचे नकाशे उरले. सॉमरसेटमधल्या हेस्टरकूम इथल्या वाड्यात अग्निशमन दलाचे ठाणे होते. तिथल्या रोपे करण्याच्या खोलीत बाईंचे जुने नकाशे सापडले आणि १९७०च्या दशकात ती बाग पुन्हा लावण्यात आली. आगी विझवणाऱ्यांच्या दारात बाईंनी आखलेली फुले पुन्हा फुलली. मन्स्टेड वुड २०२३ साली नॅशनल ट्रस्टने विकत घेतले.

आपल्याला २०० फुटांचा ताटवा कुठला जमायला? गच्चीतल्या चार कुंड्या हीच आपली जहागीर. पण पावसाळा ओसरला की साल्व्हियाचे बी पेरावे. रोपे वाढली की चष्मा काढून जरा दूर उभे राहावे. मग लाल कुंडीशेजारी राखाडी पानांचे काही ठेवावेसे वाटेल. तसे वाटले, तर त्या जुन्या बुटांच्या मालकिणीची शिकवण पोचली म्हणायची.