मृत्यूनंतर सापडलेले निदान

घरातले वडीलधारे विसरू लागले की आपल्याकडे 'म्हातारचळ' म्हणून विषय संपवला जातो. सव्वाशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी तो संपवला नाही. त्यांचे नाव अलॉइस अल्झायमर.

१४ जून १८६४ रोजी जर्मनीतील मार्क्टब्राइट या गावी त्यांचा जन्म झाला. १८८८ मध्ये ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. १९०१ मध्ये पत्नी वारली. पदरी तीन मुले. त्याच नोव्हेंबरमध्ये ऑगस्टे डेटर ही ५१ वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला स्वतःचे नाव नीट लिहिता येत नव्हते, ताटात काय आहे तेही सांगता येत नव्हते. अल्झायमर तिच्याजवळ बसून रोज प्रश्न विचारत आणि उत्तरे टिपून ठेवत.

एप्रिल १९०६ मध्ये ती वारली. तोपर्यंत म्युनिकला गेलेल्या अल्झायमर यांनी तिचा मेंदू मागवून घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोष्टी दिसल्या: पेशींबाहेर साचलेले पुंजके आणि पेशींच्या आत गुंतलेले तंतू. नोव्हेंबरमध्ये त्यांनी हे ट्यूबिंगनच्या परिषदेत मांडले; कोणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले. १९ डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षीच, त्यांचे निधन झाले.

पुंजके बीटा अमायलॉइड या प्रथिनाचे आणि तंतू टाऊ या प्रथिनाचे, हे १९८० च्या दशकात उलगडले. ज्या खुणांसाठी त्यांना रुग्णाच्या मृत्यूपर्यंत थांबावे लागले, त्या आता जिवंतपणी शोधता येतात. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात अमायलॉइड-४२ कमी आढळते, कारण ते मेंदूत साचत असते. बदललेले टाऊ मात्र वाढते. २०२५ मध्ये अमेरिकेत याच प्रथिनांवर आधारित रक्ततपासणीला मान्यता मिळाली. मात्र ही तपासणी लक्षणे असलेल्यांसाठी आहे. केवळ त्या अहवालावर निदान होत नाही.

नांदेड-लातूरकडच्या घरांनी त्याआधी एक करावे. विस्मरण वाढले तर रुग्णाला डॉक्टरांकडे न्यावे. थायरॉइडची कमतरता, बी-१२ चा अभाव, नैराश्य यांमुळेही विसरायला होते आणि त्यांवर उपचार आहेत. सोबत जाणाऱ्याने काय, केव्हापासून विसरते ते लिहून न्यावे. अल्झायमर यांनीही सुरुवात तिथूनच केली होती.