रेव्ह. फ्रँक हिगिन्स : लांकूडतोड्यांचे उपदेशक

आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं बर्फ पडतांना पाहिलें असेल. आपल्याकडे पावसाळ्यांत वाटा बंद होतात व कोरड्या दिवसांत त्या पुन्हां सुरू होतात. अमेरिकेच्या उत्तरेस मिनेसोटा म्हणून जें संस्थान आहे, तेथें रानांतील लांकूड बाहेर काढण्याचा हंगाम मात्र ऐन हिवाळ्यांत असे. उन्हाळ्यांत तेथील भूमि दलदलीची. तिजवरून भारी ओंडका हालत नसे. हिवाळ्यांत तीच भूमि दगडासारखी गोठे, वर बर्फाचे थर सांचत, आणि मग गाडीला चाकांची गरजच राहत नसे. या बर्फांतून ज्यांनीं जवळजवळ वीस हिवाळे पायपीट केली, ती लांकडासाठीं नव्हे तर लांकूड तोडणाऱ्यांसाठीं, त्या रेव्ह. फ्रँक हिगिन्स यांचें चरित्र आज आम्ही देत आहों.

त्यांचा जन्म १८६५ सालीं कॅनडा देशांतील टोरोंटो शहरीं झाला. ते लहान असतांनाच वडील वारले. पुढें आईनें पुनर्विवाह केला व कुटुंब नव्यानें वसत असलेल्या रानवट भागांत राहावयास गेलें. तेथें कुऱ्हाड हातीं आली, शाळा मात्र दूर राहिली. विशी गांठल्यावर ते पुन्हां शिकावयास बसले. १८९० सालीं ते मिनेसोटांत आले, हॅमलिन विद्यापीठांत थोडा काळ अभ्यास केला. पण अभ्यासक्रम पुरा झाला नाहीं. थोडें शिक्षण झालें म्हणून संकोच पावणारे उपदेशक आमच्यांतही आहेत. त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें.

१८९५ सालीं बार्नम या लहानशा गांवच्या प्रेस्बिटेरियन मंडळीचें काम त्यांजकडे आलें. त्या वसंतांत ते केटल नदीवर ओंडके वाहून नेण्याचें काम पाहावयास गेले. हे पाळक आहेत असें कळतांच तेथील कामकऱ्यांनीं त्यांस उपदेश करण्याची विनंति केली. हातीं पुस्तक नाहीं, व्यासपीठ नाहीं. कांठावरच्या एका ओंडक्यावर उभे राहून त्यांनीं सुवार्ता सांगितली. पुढें त्याच लोकांनीं त्यांस रानांतील तळावर बोलाविलें. देवळाचें दार उघडें ठेवून वाट पाहत बसलें तर हीं माणसें कधींच आंत येणार नाहींत, हें हिगिन्स यांस त्या दिवसांत उमगलें.

तें जीवन कसें होतें तें सांगितलें पाहिजे. एकेका तळावर साठ-सत्तरांपासून शंभरापर्यंत माणसें असत. स्वीडन, नॉर्वे, फिनलंड, आयर्लंड व फ्रेंच कॅनडा येथून आलेलीं, बहुतेक एकटीं. दोघे दोघे मिळून लांब करवतीनें पांढऱ्या पाइनचे प्रचंड वृक्ष पाडीत व त्यांचे ओंडके करीत. घोडे ते फरफटत मुख्य वाटेपर्यंत आणीत. ही वाट करण्याची युक्ति मोठी नामी होती. रात्रीं सर्व निजले असतां पाण्याची मोठी टांकी घसरगाडीवर चढवून तिच्या भोंकांतून वाटेवर पाणी सोडीत. तें पडतांच गोठे, व सकाळपर्यंत कांचेसारख्या दोन चाकोऱ्या तयार होत. मग दहा टन किंवा त्याहूनही अधिक ओझें घोडे ओढून नेत. त्यांच्या नालांस टोंकदार खिळे असत, म्हणून पाय घसरत नसत. सपाटीवर सर्व ठीक. पण उतारावर ओझें घोड्यांच्याच अंगावर धांवून येई. म्हणून तेथें गवत वा रेती पसरण्यास एक माणूस मुद्दाम ठेवीत. त्याच्या हातून चूक झाली तर घोडे व हांकणारा यांचा ओंडक्यांखालीं चेंदा होई. पारा कधीं कधीं शून्याखालीं ३० अंश फॅरेनहाइटपर्यंत उतरे. निजावयास फळ्यांवर पसरलेलें गवत, उवांनीं भरलेलीं कांबळीं, व मधल्या शेगडीवर वाळत घातलेले ओले मोजे.

अशा तळांवर हिगिन्स पायीं जात. कधीं कुत्र्यांच्या घसरगाडीवरही. पाठीवर चामडी पट्ट्यांची पिशवी असे, तींत नवे करार, गीतांचीं पुस्तकें व मासिकें गच्च भरलेलीं. एका तळावरून दुसऱ्यावर जावयास कित्येक मैल बर्फ तुडवावें लागे. रात्रीचें जेवण झाल्यावर व दिवे मालवण्यापूर्वीं जो अवकाश मिळे त्यांत एखाद्या पिंपाशीं उभे राहून ते उपासना चालवीत. धर्मोपदेशकास तेथें थट्टेनें स्काय पायलट, म्हणजे आभाळाचा वाटाड्या, म्हणत. हिगिन्स यांस तेंच नांव प्रेमानें मिळालें. आजाऱ्यास ते रुग्णालयांत पोंचवीत.

१८९९ च्या सुमारास ते बेमिजी येथें आले. हा गांव मिसिसिपीच्या उगमापासून फार दूर नाहीं. वसंतांत हिवाळ्याची सारी मजुरी खिशांत घालून हे लोक येथें उतरत, आणि गुत्तेवाले टपलेलेच असत. चार-पांच महिन्यांची कमाई कित्येकदां थोड्याच दिवसांत जाई. बेशुद्ध पडलेल्याचे खिसे कापले जात. हिगिन्स अशांस उचलून आणीत, व कोणी स्वतःहून दिल्यास त्याचा पैसा सांभाळीत. अंगानें ते धिप्पाड होते. गुत्तेवाल्यांचें त्यांच्याशीं वांकडें होतें, पण त्यांस भय माहीत नव्हतें.

येथें दोन गोष्टी सांगणें अवश्य आहे. ज्या रानांतून हें लांकूड निघे त्यांतील बराच भाग ओजिब्वे या मूळच्या लोकांचा. १८८९ च्या कायद्यानें त्यांच्या राखीव भूमी इतरांस खुल्या झाल्या. पुढें त्यांच्या लांकडाच्या व्यवहारांत लबाडी झाली, व १८९८ सालीं लीच सरोवराच्या कांठीं गोळीबारही झाला. दुसरी ही कीं, कित्येक मालकांस हिगिन्स यांचें येणें सोयीचें वाटे. न पिणारा मजूर अधिक काम करतो, हें त्यांस कळत होतें. कांबळीं स्वच्छ करण्याचें मात्र त्यांस सुचलें नाहीं.

१९०८ सालीं प्रेस्बिटेरियन स्वदेशीय मिशनच्या मंडळानें हें सर्व काम त्यांच्या हातीं सोंपविलें. त्यांजबरोबर दुसरे उपदेशक निघाले. त्यांत जॉन सॉर्नबर्गर हे एके काळीं पैशासाठीं मुष्टियुद्ध करणारे होते. प्रभूकडे वळल्यावर त्यांनीं तीच पिशवी पाठीवर घेतली.

हिगिन्स यांच्या खांद्यास पुढें एक गांठ आली. वर्षानुवर्षें पट्टे घासून ती झाली असें त्यांचे सोबती मानीत. शस्त्रक्रिया झाली, उपयोग झाला नाहीं. जानेवारी १९१५ मध्यें, रानांत हंगाम भर जोरांत असतां, वयाच्या ४९ व्या वर्षीं ते निवर्तले.

त्यानंतर दोन वर्षांनीं, १९१७ च्या आरंभीं, उत्तर मिनेसोटांतील लांकूडतोड्यांनीं संप केला. वाढीव मजुरीबरोबर त्यांचें एक मागणें स्वच्छ अंथरुणाचें होतें. संप मोडण्यांत आला. १९२९ सालीं व्हर्जिनिया गांवची प्रचंड लांकडाची गिरणी बंद पडली. तोंवर तिला पुरवावयास पाइनचें रानच उरलें नव्हतें.